गोडं पाणी, खारं पाणी आणि मधला गॅप

मामांच्या खाटेखाली एक पितळी गडवा असायचा, बरोबर अर्ध्या लिटरचा. मामीने दुधाच्या मापाने मोजून घेतला होता. सकाळी एक, संध्याकाळी एक. दिवसाचे पाणी एवढेच. चहा त्यातलाच, गोळ्यांचे घोट त्यातलेच, वरणातले पाणीही त्यातच धरायचे. कढी केली त्या दिवशी संध्याकाळचा गडवा अर्धाच भरायचा. बाहेर मे महिना, पारा पंचेचाळीसवर, आणि मामा तोंडात लवंग धरून बसलेले. लवंगेने तोंडाला जरा ओल सुटते, असे वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्याने सांगितले होते.

"जन्मभर खारं पानी पेलं," ते म्हणायचे. "आता गोडं पानी नळानं दारात आलं, त डॉक्टर म्हन्ते पेऊ नको."

गाव दर्यापूर तालुक्यातले, पूर्णेपासून दोन कोसांवर. ज्यांना खारपाणपट्टा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगडच्या रांगा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या खोलगट भागात पूर्णेने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ. या गाळाच्या पोटातले पाणी खारे. समुद्र इथून कितीतरी दूर, तरी विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते शेताला दिले तर जमीन दगडासारखी होते. अमरावतीतले भातकुली, दर्यापूर, अंजनगाव, अकोल्यातले अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर आणि पुढे बुलढाण्यातले शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतून हा पट्टा जातो. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोकरा या कृषी प्रकल्पाने या खोऱ्यातली नऊशेवर गावे खारपाणपट्टा म्हणून धरली. पूर्वी या गावांत पोरगी द्यायची तर बाप दहा वेळा विचार करायचा. पोरीच्या डोक्यावरचा हंडा उतरणार नाही, ही भीती.

आता भीती दुसरी आहे. या पट्ट्यातल्या कुठल्याही पारावर बसा आणि 'किडनी' हा शब्द काढा. कोणत्या आळीत कोण डायलिसिसवर आहे, कोणाचे क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला किडनीचा आकडा, किती, कोण गेला, याची यादी पाच मिनिटांत तयार होते. क्रिएटिनिन हा शब्द इथे आता कपाशीच्या भावासारखा बोलला जातो. "त्याचं सात झालं." "मह्या साडूचं अकरा होतं, तवा लावलं." लावलं म्हणजे डायलिसिस.

मामांचे डायलिसिस अमरावतीला होते, बुधवारी आणि शनिवारी. पहाटेची एसटी, चार तास मशीन, परतीची एसटी, आणि घरी आल्यावर मेल्यासारखी झोप. दोन वर्षे सात महिने हे चालले. मामा गेले ते मंगळवारी पहाटे. दुसऱ्या दिवशी त्यांचा वार होता.

एका मंगळवारावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण पुढे मी या आजारावरचे संशोधन वाचत सुटलो त्याचे मूळ त्या मंगळवारात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

*

वाचता वाचता हाती लागलेला पहिला मोठा अभ्यास अमेरिकेतला, २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेला. तिकडे डायलिसिस आठवड्यातून तीनदा होते. सोमवार-बुधवार-शुक्रवार असा वार असेल तर मधे एकेक दिवस मोकळा जातो, आणि शनिवार-रविवार मिळून एकदा दोन दिवस मोकळे जातात. मिनेसोटातल्या रॉबर्ट फोली आणि सहकाऱ्यांनी ३२,०६५ रुग्णांची नोंद तपासली आणि एकच साधा प्रश्न विचारला: माणसे आठवड्याच्या कोणत्या दिवशी जास्त मरतात? उत्तर निघाले, दोन दिवसांच्या मोकळ्या गॅपनंतरच्या दिवशी. त्या दिवशीचा मृत्यूदर शंभर रुग्ण-वर्षांमागे २२.१ आणि इतर दिवशीचा १८.०. हृदय बंद पडणे, पक्षाघात, छातीत पाणी भरून दवाखान्यात दाखल होणे, सगळेच त्या दिवशी वाढलेले.

कारण उघड आहे. किडनी काही सुट्टीच्या दिवशी थांबत नाही, यंत्र थांबते. मधल्या दिवसांत प्यालेले पाणी अंगात साठते, पायांना सूज येते, मग ते फुप्फुसात उतरते. पाण्याबरोबर पोटॅशियम साठते, आणि पोटॅशियम एका मर्यादेपलीकडे गेले की हृदयाचा ठोका चुकतो. काही वेळा तो पुन्हा पडतच नाही.

आता हाच हिशोब मामांच्या वारांना लावून बघा. बुधवार ते शनिवार, मधे दोन दिवस मोकळे. शनिवार ते बुधवार, मधे तीन. म्हणजे अमेरिकेत ज्याला लांबचा गॅप म्हणून धोक्याची घंटा वाजवली, तो आमच्याकडचा आखूड गॅप. आमच्या लांब गॅपला तिकडच्या आकड्यात जागाच नाही. आणि हे एकट्या मामांचे नव्हते. आपल्या देशात आठवड्यातून दोनदा डायलिसिस हीच सर्वसाधारण रीत आहे. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांचे दोनदावरही काही काळ भागते, हे डॉक्टर सांगतात आणि ते खोटे नाही. पण लघवी बंद झालेल्या माणसालाही आपण दोनदाच बोलावतो, कारण खाटा तेवढ्या, पैसे तेवढे आणि त्याच्या अंगात प्रवासाची ताकदही तेवढीच.

वॉर्डातले रुग्ण 'गॅप' हाच शब्द वापरतात. "गॅप पडला" म्हणजे वार चुकला. एकदा बस बंद होती, एकदा पोळा होता, एकदा पोराचे पेरणीचे काम होते. कोणी हे सांगताना डोळ्यांत पाणी आणत नाही. पावसाने खंड दिला म्हणावे तसे सांगतात.

*

डायलिसिसच्या वॉर्डात रुग्णाची खाट आणि मशीन सगळ्यांना दिसते. मला बघायची होती मागची खोली. एका टेक्निशियन पोराने ती दाखवली. वाळूची टाकी, कोळशाची टाकी, पाणी मऊ करणारी मिठाची टाकी, आणि शेवटी आरओच्या लांब पांढऱ्या नळ्या. मशीनमधून रुग्णाच्या रक्ताच्या पलीकडून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांचे झाले १२० लिटर. हा द्रव ज्या पाण्यापासून बनतो ते आपल्या घरच्या आरओपेक्षा कितीतरी शुद्ध लागते, कारण घरचे पाणी आतड्यातून गाळून रक्तात जाते आणि इथे रक्त व पाणी यांच्यामध्ये केसाएवढ्या पोकळ तंतूंची भिंत, बस. पाण्यात क्लोरीन राहिले तर रक्तातल्या पेशी फुटतात.

"एका पेशंटले सव्वाशे लिटर," तो पोरगा म्हणाला, "अन् तेवढं बनवाले तेवढंच गटारात जाते." त्याचे गाव भातकुलीकडचे. त्याच्या आईने प्यायचे पाणी डोक्यावरून आणले, आणि तो दिवसाला हजारो लिटर गोडे पाणी मशीनला पाजतो. त्याने मशीनच्या बाजूची छोटी दांडी दाखवली. लाइट गेली आणि जनरेटर लवकर लागला नाही, तर ही दांडी हाताने गरागरा फिरवून नळीतले रक्त रुग्णाच्या अंगात परत पाठवायचे. "फिरवली का कधी?" मी विचारले. तो हसला. "वऱ्हाडात राहतो ना भाऊ."

ह्या यंत्राचा जन्मही तंगीतलाच. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाला गुंडाळून पहिली कृत्रिम किडनी चालवली. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक बाई वाचली. जन्मभर डायलिसिस करता येईल ही कल्पना आली ती १९६० मध्ये, सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवल्यावर. आज वॉर्डात जिथे तिथे दिसतो तो फिस्टुला, म्हणजे हाताची शीर आणि धमनी शिवून केलेली जाड नस, १९६६ सालची. मामांच्या डाव्या मनगटावर बोट ठेवले की आत पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर लागायची. नातवंडांना त्याचे फार आकर्षण. "आजोबाच्या हातात मांजर आहे," म्हणायची.

पण फिस्टुला जाड व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि आमच्याकडे माणूस दवाखान्यात पोहोचतो तो धाप लागल्यावर. मग मानेतून नळी घालून त्याच दिवशी सुरुवात करावी लागते. ती नळी म्हणजे जंतूंना उघडे दार.

*

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डायलिसिसवर जे मोठे प्रयोग झाले ते बघताना एक गंमत लक्षात येते. बहुतेकांचे उत्तर 'फारसा फरक नाही' असे आहे. मशीन जास्त वेगाने चालवून, जास्त रक्त धुऊन बघितले. २००२ मधला १,८४६ रुग्णांचा 'हीमो' अभ्यास: फरक नाही. डायलिसिसचा द्रव थोडा थंड ठेवला तर हृदयाला बरे, अशी एक समजूत होती. कॅनडातल्या ओंटारियोत ८४ केंद्रांवर पंधरा हजारांवर रुग्णांत ती चार वर्षे तपासली. २०२२ मध्ये निकाल आला: फरक नाही, उलट रुग्णांना थंडी वाजली. (अकोल्याच्या मे महिन्यात हा प्रयोग केला असता तर निदान रुग्णांनी आशीर्वाद दिले असते.) हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोनची स्वस्त गोळी देऊन बघितली. बारा देशांतल्या अडीच हजार रुग्णांच्या त्या अभ्यासात भारतातले रुग्णही होते. २०२५ मध्ये उत्तर आले: फायदा नाही.

एक अपवाद मात्र ठळक आहे. 'कन्व्हिन्स' नावाचा युरोपातला अभ्यास, १,३६० रुग्ण, २०२३. त्यात नेहमीच्या डायलिसिसऐवजी हीमोडायाफिल्ट्रेशन केले. म्हणजे नुसते पाझरू न देता एका वेळी २३ लिटरहून जास्त द्रव दाबाने रक्तातून काढायचा आणि तेवढाच शुद्ध द्रव रक्तात परत घालायचा. सुमारे अडीच वर्षांत नेहमीच्या गटातले २१.९ टक्के रुग्ण दगावले, नव्या गटातले १७.३ टक्के. या क्षेत्रात असा फरक क्वचित दिसतो. मोठ्या शहरांतल्या खासगी केंद्रांत आता ही मशीन येऊ लागली आहेत, आणि अमरावती-अकोल्यातही 'नवीन टेक्नॉलॉजी'च्या पाट्या लागतील यात शंका नाही.

मला या आकड्यांशी भांडायचे नाही. पण त्या अभ्यासातला प्रत्येक रुग्ण आठवड्यातून तीनदा मशीनवर येत होता, हे जाहिरातीत कोणी लिहिणार नाही. ज्याला तिसरा वार मिळत नाही त्याला महागडा फिल्टर देणे म्हणजे पेरणीला बियाणे नसताना ट्रॅक्टरला नवे टायर घालणे.

*

आता पारावरच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. खाऱ्या पाण्यानेच किडन्या जातात का?

लोकांची याबद्दल खात्री आहे. पुढाऱ्यांचीही आहे, कारण ती सोयीची आहे. गावात आरओचा प्लँट बसवला, फीत कापली, किडनीचा प्रश्न सुटला. डॉक्टरांना विचारले की ते खांदे उडवतात आणि मधुमेह म्हणतात. मला दोन्ही उत्तरे अर्धवट वाटतात.

देशभरातल्या किडनी रुग्णांची एक मोठी नोंदवही नडियादचे डॉ. मोहन राजापूरकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, ५२,२७३ रुग्णांची. त्यात ३१ टक्के रुग्णांच्या किडन्या मधुमेहाने गेलेल्या, १३ टक्के रक्तदाबाने. पण १६ टक्क्यांच्या रकान्यात लिहिले होते, कारण अज्ञात. आणि त्याहून बोचणारा आकडा असा की, नोंद झाली तेव्हा जवळपास निम्मे रुग्ण आधीच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. शेवटच्या टप्प्यात किडन्या आकसून सुपारीसारख्या होतात, तेव्हा त्या का गेल्या हे सांगणेच कठीण. म्हणजे 'अज्ञात' या रकान्यात थोडे गूढ असेल, आणि बरेच उशिरा पोहोचणे असेल.

गूढ मात्र खरे आहे, आणि ते जगभर आहे. एल साल्वादोर-निकाराग्वाचे ऊसतोड मजूर, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातले भातशेतकरी, आंध्रच्या श्रीकाकुलममधल्या उद्दानम भागातले काजू-नारळवाले. सगळीकडे तेच: साखर नाही, रक्तदाब नाही, वय तीस-चाळीस, काम उन्हातले, आणि किडन्या गेलेल्या. श्रीलंकेत आधी पाण्याच्या जडपणावर बोट ठेवले, मग तणनाशकावर, त्यावर बंदीही आणून पाहिली. एकच गुन्हेगार अजून हाती लागलेला नाही. मध्य अमेरिकेत जास्त पुरावा उन्हाकडे वळतो. रोज अंगातले पाणी आटेपर्यंत काम, रोज किडनीला थोडी इजा, आणि ती इजा वर्षानुवर्षे साठत जाणारी. तिथल्या साखर कारखान्यांनी मजुरांना ठरावीक वेळाने सावली, विसावा आणि पाणी सक्तीने द्यायला सुरुवात केली, तेव्हा इजा कमी झाल्याचे दिसले.

हे वाचताना मला आमची कपाशी वेचणारी बाई दिसते. पाणी खारे म्हणून ती मुळात कमीच पिते. शेतात आडोसा नाही म्हणून आणखी कमी पिते. संध्याकाळी अंग ठणकते म्हणून किराणा दुकानातून दुखण्याची गोळी घेते. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कोरड्या पडलेल्या शरीरात किडनीचा रक्तपुरवठा घटवतात, हे वैद्यकशास्त्रात वादातीत आहे. खारे पाणी प्यायल्याने किडनी गेली, की खारे पाणी न पिता आल्याने? पारावर हा प्रश्न मी विचारला तेव्हा सगळे थोडा वेळ गप्प झाले. मग एक म्हातारे म्हणाले, "म्हंजे पानी पेलं त मरन, न पेलं त मरन. मंग सरकारले काय सांगाचं?"

खाऱ्या पाण्याने रक्तदाब वाढत असेल हा तर्कही दिसतो तितका सरळ नाही. बांगलादेशच्या खाऱ्या किनारपट्टीवर झालेल्या एका अभ्यासात हलके खारे पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब गोड पाणी पिणाऱ्यांपेक्षा थोडा कमीच निघाला. त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तो परिणाम असावा, असे संशोधकांचे म्हणणे. त्यावरून खारे पाणी चांगले ठरत नाही. पण 'मीठ म्हणून बीपी, बीपी म्हणून किडनी' एवढी सोपी ओळ लिहिता येत नाही, हे कळते.

माझे मत विचाराल तर आरओचे प्लँट हवेतच. गोडे पाणी हा माणसाचा हक्क आहे, त्यासाठी किडनीचा दाखला कशाला हवा? पण प्लँट बसला म्हणून शुगर मोजायची थांबते, बीपीची गोळी 'आता गोडं पानी पेतो' म्हणून सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मामांचेच उदाहरण. त्यांना चौदा वर्षांचा मधुमेह होता. पण शेवटपर्यंत त्यांनी दोष दिला तो विहिरीला.

*

सगळ्यात आनंदाची बातमी डायलिसिसच्या वॉर्डातली नाहीच. ती औषधाच्या दुकानातली आहे, आणि तिची कोणी फीत कापत नाही.

२०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचा ४,३०४ किडनी रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलेही रुग्ण होते. किडनी निम्म्यावर येणे, डायलिसिस लागणे किंवा किडनी-हृदयाच्या आजाराने मृत्यू, हे सगळे मिळून ३९ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट की अभ्यास वेळेआधी थांबवला. महत्त्वाचे म्हणजे मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला. पुढे एम्पाग्लिफ्लोझिनने ६,६०९ रुग्णांत तोच कौल दिला. आणि योगायोग असा की त्याच २०२० च्या ऑक्टोबरात डापाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट संपले, डझनावारी कंपन्यांनी ती बाजारात आणली आणि किंमत कोसळली. २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचेही तेच झाले. आज ही गोळी रोजच्या दोन कप चहाच्या आसपास पडते. ती सगळ्यांना चालत नाही, डॉक्टरशिवाय घ्यायची नाही, हे खरेच. पण डायलिसिस काही वर्षे पुढे ढकलणारी गोळी तालुक्याच्या दुकानात मिळते आणि ती कोणाला द्यायची हे कळायला रक्ताबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिनचीही तपासणी लागते. तीच तर होत नाही. शिबिरात बोट टोचून शुगर मोजतात, दंडाला पट्टा लावून बीपी मोजतात. लघवीची बाटली हातात घ्यायला स्वयंसेवकही कंटाळतात आणि लोकही लाजतात.

दुसरी एक गोष्ट इथल्या भीतीशी निगडित. "एकदा लावलं की सुटत नाही" म्हणून लोक डायलिसिस टाळत राहतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८२८ रुग्णांच्या 'आयडियल' अभ्यासाने २०१० मध्ये सांगितले की लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही. थांबले तरी चालते. आमच्याकडच्या टाळणाऱ्यांना ही बातमी गोड वाटेल. पण त्या अभ्यासात थांबलेले रुग्ण ठरल्या वेळी तपासायला येत होते, आणि थांबायला सांगितलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांना लक्षणे दिसताच ठरलेल्या आकड्याआधीच सुरुवात करावी लागली. ते थांबले होते. आमचे लोक लपतात. मधे कोणी काढा देतो, कोणी पुडी देतो. क्रिएटिनिन चौदावर जाते.

*

पैशाची गोष्ट थोडक्यात, कारण ती बदलली आहे आणि चांगल्यासाठी बदलली आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. पुढे तिचे नाव महात्मा फुले यांच्यावरून झाले, आणि आता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे. २०१६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांच्या किडन्या पूर्ण निकामी होतात, असे त्या भाषणात सांगितले होते. अमरावतीच्या इर्विनसारख्या जिल्हा रुग्णालयांत मशीन लागली. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत किडनी प्रत्यारोपणे होतात, आणि बातमीतल्या फोटोत किडनी देणारी बहुधा आई असते, नाहीतर बायको. नवऱ्याने बायकोला दिली, असा फोटो शोधावा लागतो.

म्हणजे मशीनवरचे चार तास फुकट आहेत. त्या चार तासांपर्यंत पोहोचणे फुकट नाही. एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला तिकीट माफ आहे, पण बस आली पाहिजे. सोबत येणाऱ्या पोराची मजुरी बुडते, आठवड्यातून दोन दिवस. तिसरा वार मिळाला तर तीन दिवस बुडेल, म्हणून काही रुग्ण डॉक्टरने सांगूनही तिसरा वार घेत नाहीत. हे मला एकाने पोरगा पाणी आणायला बाहेर गेला तेव्हा हळूच सांगितले.

आणि बस यायला रस्ताही हवा. अकोट-अकोला रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णेवर इंग्रजांच्या काळातला पूल होता. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला जलाभिषेक करायला हजारो कावडधारी इथूनच पूर्णेचे पाणी भरून नेतात. २०२२ च्या ऑक्टोबरात हा पूल धोक्याचा ठरून वाहतुकीला बंद झाला. तासाभराचा रस्ता फेऱ्याने लांबला. नोव्हेंबरात अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली तेव्हा गाडीला हार घालून स्वागत झाले. त्या पाच-सहा आठवड्यांत अकोट-तेल्हाऱ्याकडून अकोल्याला डायलिसिसला येणाऱ्यांचे किती गॅप पडले, त्याची नोंद कुठल्या जर्नलमध्ये येणार?

घरी पोटात द्रव सोडून करायचे पेरिटोनियल डायलिसिस या अंतरावरचा खरा उतारा होऊ शकते. दोन लिटरची पिशवी, दिवसातून तीन-चार वेळा, बस नाही, वार नाही, गॅप नाही. थायलंडने २००८ पासून बरीच वर्षे गरिबांसाठी हीच पद्धत आधी, असे धोरण चालवले. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही २०१९ पासून तिला जागा आहे, कागदावर. दर्यापूरच्या खेड्यात महिन्याला शे-सव्वाशे पिशव्या पोहोचवायच्या, एक स्वच्छ खोली, हात धुवायला गोडे पाणी, आणि फोनवर उत्तर देणारी एक नर्स. मशीनपेक्षा हे स्वस्त आहे की महाग यावर तज्ज्ञांत वाद आहेत. मला एवढेच दिसते की यात उद्घाटनाला काही नाही.

*

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी पुन्हा त्या वॉर्डात गेलो होतो. खाटांच्या मधल्या खिडकीवर कोणीतरी कागदी आकाशकंदील लावला होता. टेक्निशियन पोरगा पांढऱ्या फळ्यावर सणाचे वार लावत होता. कर्मचारी कमी, म्हणून एका दिवशी केंद्र बंद, आणि त्या दिवसाचे रुग्ण आगेमागे सरकवायचे.

आहारतज्ज्ञ बाई फराळाचे सांगत होत्या. चिवड्यात शेंगदाणे-खोबरे नको, मीठ कमी. संत्री नको, केळी नको. पोटॅशियम. वरुड-मोर्शीचा एक संत्रा बागायतदार सुई टोचलेला हात न हलवता ऐकत होता. "बाई," तो म्हणाला, "आंबिया बहार घरात येऊन पडला हाय. वास त घेऊ का?" सगळा वॉर्ड हसला, त्याच्या शेजारचा सोडून. शेजारच्याचे बीपी खाली गेले होते आणि त्याचे पाय उचलून धरले होते.

पोराने फळ्यावरून एक नाव पुसले, दुसऱ्या दिवसाखाली लिहिले आणि मोठ्याने विचारले, "काका, तुमाले लक्ष्मीपूजनाच्या दिवशी येता येईन का? नाही त तीन दिवसांचा गॅप पडते."

खाट नंबर चारवरचे म्हातारे डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे न उघडताच विचारले, "त्या दिवशी दर्यापूरची पयली बस सुटते का, ते पाय आधी."

पोराने मोबाइल काढला आणि डेपोला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.